समन्स परत पाठवू नका



आमच्या सल्ला केंद्रावर येणारी बाई पूर्वी आधी बोलायची. मारहाण, नवऱ्याचं दुसरं लग्न, थकलेली पोटगी, माहेरची बंद झालेली वाट. आता ती आधी पिशवीतून कागद काढते. चार घड्या घातलेला, कधी हळदीचा डाग पडलेला. त्यावर तिचं नाव असतं, नावापुढे 'प्रतिवादी' किंवा 'आरोपी' असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्यावरची तारीख उलटून गेलेली असते. जालना एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांमधून असे कागद इतके येऊ लागलेत, की या अंकाचं संपादकीय त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं.

जालना म्हणजे लोखंडी सळया आणि बियाणं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्याचा धंदा इथं रुजला. सळयांच्या कारखान्यांत पुरुष भट्टीपाशी राबतात. बायका बियाणं निवडतात, पाकिटं भरतात, जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत उभ्या राहतात. खरिपाच्या तोंडावर कामाला हात कमी पडतात आणि पुढे काही महिने बाई घरी बसते. काम हंगामी, हप्ता मात्र बारमाही. थकबाकी बाईच्या उधळेपणातून आलेली नसते, ती या हिशोबातूनच आलेली असते, हे आधी स्पष्ट सांगते. वस्तीत मात्र उलटंच बोललं जातं.

आणि कर्ज बाईच्याच नावावर का? छोटं कर्ज देणाऱ्या कंपन्यांना बाई हवी असते, कारण ती पत्ता सोडून जात नाही आणि तिला चारचौघांत लाज वाटते. घरातल्यांनाही तिचीच सही हवी असते. नवऱ्याचं 'सिबिल' बिघडलेलं असतं, म्हणून रिक्षा तिच्या सहीवर येते. नणंदेचं लग्न, सासऱ्याचं ऑपरेशन, मिलमध्ये हात भाजला तेव्हाचा दवाखाना, सगळं तिच्या सहीवर. ऑफिसात किंवा दुकानात पगारावर असलेल्या तरुण मुलींच्या बाबतीत आता क्रेडिट कार्डही आलं. कार्ड तिच्या नावाचं, नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये. खर्च कुणी केला हे कोर्ट सहसा विचारत नाही. सही कुणाची, एवढं विचारतं.

मग हप्ते थकतात आणि वसुलीवाले येतात. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, सतत फोन करून छळायचं नाही, शिवीगाळ, धमकी चालणार नाही. हे नियम वस्तीत कुणालाच ठाऊक नसतात. पण मला त्याहून जास्त खुपतं ते वेगळं. थकलेल्या बाईच्या दारात बसवल्या जातात त्या तिच्याच गटातल्या बायका. 'ही भरत नाही तोवर तुम्हालाही घरी जाता येणार नाही' असं सांगितलं की त्याच तिला बोलू लागतात. काल एकमेकींच्या पोरांना सांभाळणाऱ्या दोघी आज पाण्याच्या टँकरपाशी एकमेकींकडे बघत नाहीत. बचत गट या शब्दावर आम्ही नव्वदच्या दशकात केवढा विश्वास टाकला होता! त्या शब्दाचा असा वापर होताना बघून आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या गप्प होतात. गटातल्या बाईला चीड येणं साहजिक आहे, कारण तिनं हमी म्हणून सही केली असेल तर करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कंपनी थेट तिच्याकडेही जाऊ शकते. म्हणूनच हे भांडण दारात बसून सुटणार नाही. दोघींनी कागद घेऊन एकत्र बसायला हवं.

कागद आला की बाई काय करते? घेत नाही. 'घरी नाही म्हणून सांग' असं पोरीला सांगते. घेतला नाही तर लागू होत नाही, अशी वस्तीत पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे. समन्स नाकारलं तर बेलीफ तसा शेरा मारतो, दारावर चिकटवतो, आणि कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं. मग बाई हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा होतो. वादीनं मागितलेली रक्कम, त्यानं लावलेलं व्याज, त्याचा खर्च, सगळं जसंच्या तसं, कारण विरोधात बोलायला कुणी नसतं.

कागद कुणाच्या हातात पडतो याचीही एक कथा आहे, आणि ती आपल्या चळवळीची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत असं होतं, की प्रतिवादी घरी नसेल तर समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यावं. त्या दुरुस्तीनं 'स्त्री असो वा पुरुष' असे शब्द आले. फौजदारी कायद्यात मात्र 'प्रौढ पुरुष' तसाच राहिला, तो थेट १ जुलै २०२४ ला नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत. म्हणजे परवा-परवापर्यंत बाईच्या नावाचं चेकच्या खटल्याचं समन्स तिच्या नवऱ्याकडे किंवा दिराकडे देऊन मोकळं होता येत होतं, आणि त्यानं ते धान्याच्या कोठीमागे टाकलं तरी तिला समन्स मिळालं असंच गणलं जायचं. आमच्याकडे आलेल्या एका बाईला आपल्यावर खटला आहे हे वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसाकडून कळलं. समन्स तिच्या दिराच्या सहीनं पोचलेलं होतं.

तेव्हा कागद घ्या. कोणत्या तारखेला मिळाला ते मागच्या बाजूला लिहा. मग तो कुठून आला ते बघा, कारण सगळे कागद सारखे नसतात.

लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस म्हणजे समन्स नव्हे. तिथं गेलं नाही म्हणून शिक्षा होत नाही. पण गेल्यास तडजोड होऊ शकते, व्याजात सूट मिळू शकते. मात्र सही करण्याआधी हप्ता आपल्याला झेपेल का हे तिथंच बोटांवर मोजा. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. घाईत, 'साहेब रागावतील' म्हणून केलेली तडजोड नंतर मोडता येत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर कागद कोर्टातून येत नाही, तो सहकार खात्याच्या निबंधकाकडून येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली संस्थेला वसुली दाखला मिळतो. 'कोर्टाचा कागद नाही ना, मग ठेव बाजूला' असं म्हणून हा कागद हमखास बाजूला पडतो. पण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ज्या बाईकडे हप्त्याचे पैसे नाहीत ती निम्मी रक्कम कुठून आणणार? जे सांगायचं ते सुरुवातीच्या सुनावणीतच सांगायला हवं.

दिवाणी कोर्टाचं समन्स असेल तर साध्या दाव्यात लेखी कैफियत द्यायला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात. कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. पण समन्सवर 'ऑर्डर ३७' किंवा 'समरी सूट' असं दिसलं तर सावध व्हा. तिथं फक्त हजेरी नोंदवायलाच १० दिवस असतात, आणि पुढे वादीनं निकालासाठीचं समन्स बजावलं की बचावाची परवानगी मागायला पुन्हा १० दिवस. लेखी करारावरची कर्जं या मार्गानं जाऊ शकतात. एकतर्फी हुकूम होऊन गेला असेल तरी सगळं संपत नाही. तो रद्द करा म्हणून ३० दिवसांत अर्ज करता येतो, आणि समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर हे ३० दिवस हुकूम कळल्यापासून मोजतात.

कैफियतीत काय लिहायचं? खरं तेवढंच. 'मी कर्ज घेतलंच नाही' असं सरसकट लिहून देणारे सल्लागार कोर्टाच्या आवारात भेटतात. त्यांच्यापासून दूर राहा. घेतलेलं कबूल करा, भरलेलं दाखवा, आणि जे तुमचं नाही ते ठामपणे नाकारा. एका बाईच्या बाबतीत चाळीस हजारांच्या कर्जाची मागणी एक लाखाच्या वर गेली होती. हप्त्याच्या पासबुकात सह्या होत्या, पण त्यातल्या सात हप्त्यांचा खातेउताऱ्यात पत्ताच नव्हता. ते पासबुक तिनं पोराच्या दप्तरात जपून ठेवलं होतं म्हणून आम्हाला दाखवता आलं. दाव्याची मुदतही बघा. उसन्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. वसुलीवाला 'पाचशे भर आणि इथं सही कर' म्हणतो तेव्हा तो नुसते पाचशे नेत नाही; मुदत संपायच्या आत असा भरणा किंवा लेखी कबुली झाली की तीन वर्षं नव्यानं सुरू होतात.

आणि हप्ते मागायचे असतील तर हुकूम होण्याआधी मागा. रक्कम हप्त्यानं फेडू देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण हुकूमनामा झाल्यानंतर त्याला समोरच्याची संमती लागते. तारखेला हजर राहण्याचा सर्वात मोठा फायदा मला तरी हाच वाटतो.

चेकचा खटला वेगळा. तो फौजदारी आहे, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली असाच खटला होतो. आधी नोटीस येते, तिच्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर खटला होत नाही. 'मी कोराच चेक दिला होता' हा बचाव पुरेसा नाही. कोऱ्या चेकवर आपखुशीनं सही केली असेल तरी जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बीरसिंह प्रकरणात म्हटलं. गुन्हा जामीनपात्र आहे, पण तारखेला गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं. आणि तारीख कुठं? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की चेक देणाऱ्याची बँक जिथं, तिथं खटला चालावा. २०१५ च्या दुरुस्तीनं ते फिरवलं. आता खात्यात भरलेल्या चेकसाठी घेणाऱ्याची शाखा जिथं, तिथं. मोठी कंपनी आपलं खातं मुंबईत ठेवते आणि रोजंदारीवरच्या बाईला जालन्याहून मुंबईला बोलावते. दिवसाची मजुरी बुडवून, रात्रीची गाडी पकडून. या दुरुस्तीविरुद्ध बायकांच्या संघटनांनी बोलायला हवं होतं, अजूनही बोलायला हवं.

तुरुंगाची भीती मात्र दिवाणी दाव्यात मनातून काढून टाका. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ स्वच्छ सांगतं, की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक किंवा दिवाणी कैद करता येणार नाही. याच मुंबई इलाख्यात १८८७ साली रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला होता. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली आणि पुढच्या वर्षी प्रकरण दोन हजार रुपयांवर मिटलं. तो दावा कर्जाचा नव्हता, पण कोर्टाचा कागद हातात घेऊन उत्तर देणाऱ्या आपल्यातल्या एका बाईचा होता, म्हणून इथं तिची आठवण. जप्तीचंही तसंच. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीनं बाईला उतरवता येत नाही असा दागिना आणि मजुराची मजुरी यांवर कलम ६० खाली जप्ती येत नाही. 'मंगळसूत्र काढून नेऊ' अशी धमकी मिळाली तर हे कलम सांगा. कर्जावर घेतलेली, बोजा चढवलेली गाडी मात्र जाऊ शकते.

नवरा वारल्यावर त्याच्या कर्जाचे कागद विधवेकडे येतात. तिची स्वतःची सही नसेल, तर तिच्या हाती आलेल्या त्याच्या मिळकतीपुरतीच तिची जबाबदारी. तेराव्याच्या आत कुणी कोऱ्या कागदावर सही घ्यायला आलं तर करू नका.

आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, ही कर्जं भरूच नयेत, आंदोलन करावं. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्या तेव्हा सरकारला वटहुकूम काढावा लागला, हा दाखला त्या देतात. आंदोलन व्हायला हवंच. पण 'माफ होणार आहे' या आशेवर समन्स चुलीत घालणारी बाई एकटीच सापडते. मोर्चात यावं आणि तारखेलाही जावं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे, नाहीतर तालुक्याच्या समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्या. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. सोबत समन्सची प्रत, आधार कार्ड, हप्त्याचं पासबुक, बँकेचा उतारा न्या. खिडकीवरचा माणूस उत्पन्नाचा दाखला मागेल आणि तलाठ्याकडे फेऱ्या मारण्यात तुमचे दहा दिवस जातील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, असं त्याला सांगा. ऐकलं नाही तर नकार लेखी मागा आणि तो कागद आमच्याकडे घेऊन या.