किलोमीटर नव्हे, झीज बघा

जुनी टूरिंग बाइक घेताना नजर आधी किलोमीटरच्या आकड्यावर जाते, आणि तिथेच गफलत होते. हायवेवर एका लयीत चाळीस हजार धावलेल्या हिमालयनचा क्लच शहराच्या ट्रॅफिकमध्ये तेवढेच रखडलेल्या गाडीपेक्षा कमी झिजतो. उलट, वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे रबर न चालताही कडक होते. टायरवर '२३१९' असेल, तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. लडाखचे दगडधोंडे गाडी खिळखिळी करतात, हा आक्षेप खराच. पण ते नुकसान फोर्कच्या सीलवर झिरपलेल्या तेलात, स्प्रॉकेटच्या वाकलेल्या दातांत दिसते. मीटर तर मागेही फिरवता येतो. म्हणून सर्व्हिसची बिले मागा, आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.