टक्कर नळांची की हितसंबंधांची?

इमारत उभी राहते ती विटा, सिमेंट आणि लोखंड यांच्या बळावर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तितकीच ती अनेकांच्या परस्पर समन्वयावरही उभी असते. वास्तुशिल्पी जागेची मांडणी ठरवितो, संरचना अभियंता खांब व तुळया यांचे गणित मांडतो आणि वातानुकूलन, वीज, पाणी व अग्निशमन यांचे तज्ज्ञ आपापले मार्ग आखतात. प्रत्येकाचा नकाशा स्वतंत्रपणे पाहिल्यास निर्दोष असतो. परंतु हे सारे नकाशे एकाच छताखाली उतरले, म्हणजे हवेचा डक्ट नेमका तुळईतून जाऊ पाहतो, असे ध्यानात येते. मग घट्ट झालेल्या काँक्रीटला भोके पाडणे आले, कामाचा खोळंबा आला आणि पाठोपाठ वाढीव बिलही आले.

हा अनर्थ टाळण्याचे साधन आज उपलब्ध आहे. नेव्हिसवर्क्स किंवा सोलिब्री यांसारख्या संगणक प्रणाली सर्व शाखांची त्रिमितीय मॉडेले एकत्र आणून त्यांतील टकरी हुडकून काढतात. या व्यवसायात त्यास ‘क्लॅश डिटेक्शन’ म्हणतात. दोन वस्तू एकच जागा व्यापत असतील तर ती उघड टक्कर होय. नळ आणि भिंत यांचा स्पर्श नाही, पण दुरुस्तीसाठी हात शिरण्याइतकीही जागा नाही, हा टकरीचाच दुसरा प्रकार. बांधकामाच्या वेळापत्रकाची जोड दिल्यास एकाच वेळी एकाच जागी येऊ पाहणारी दोन कामेही आधी दिसू शकतात.

मात्र टक्कर दाखविणे निराळे आणि ती सोडविणे निराळे. मोठ्या रुग्णालयाच्या मॉडेलवर पहिली तपासणी चालविली, की टकरींची संख्या हजारांच्या घरात जाते. त्यांतील कित्येक किरकोळ असतात. एकच नळ दहा तुळयांना छेदत असेल, तर यंत्र त्याच्या दहा टकरी मोजते. कोणी बाजूला सरावे, हे ठरविण्यास मात्र माणसाचा विवेकच लागतो. सांडपाण्याच्या नळाला उतार सोडता येत नाही; विजेची तार वळविता येते. म्हणून तारेने नळाला वाट द्यावी, हा निर्णय अधिकार असलेल्या व्यक्तीनेच घ्यावा लागतो.

खरा प्रश्न येथून सुरू होतो आणि तो अर्थशास्त्राचा आहे. रोनाल्ड कोस यांनी 1937 मध्ये दाखवून दिले, की बाजारातील व्यवहारांनाही स्वतंत्र खर्च असतो. बांधकामात तर पाच-सहा स्वतंत्र करारांनी एकच वास्तू घडवावयाची असते. चूक काँक्रीट ओतण्यापूर्वी सापडली तर लाभ मालकाचा. ती शोधण्याचे श्रम मात्र ठरावीक मोबदल्यात काम करणाऱ्या संकल्पकाचे. ज्या कंत्राटदाराने कमी दर भरून काम मिळविले, त्याला तर अतिरिक्त बाबींतूनच भरपाई होण्याची आशा असते. मग आधी शोध घेण्याची उत्सुकता कोणास असणार? आणि सार्वजनिक इमारतीचा मालक म्हणजे अखेर करदाताच. बैठकीत त्याची खुर्ची रिकामीच असते.

ब्रिटनने 2011 साली धोरण जाहीर करून 2016 पर्यंत केंद्र शासनाच्या प्रकल्पांत अशी मॉडेले आवश्यक केली. आपल्याकडे नागपूर मेट्रोने त्रिमितीला वेळ व खर्च यांची जोड देऊन हे तंत्र वापरले. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु नुसत्या सक्तीने अहवाल तयार होतात, समन्वय होतोच असे नाही. करारात कागदी नकाशा बंधनकारक आणि मॉडेल ‘केवळ माहितीसाठी’ अशी तरतूद असेल, तर त्या मॉडेलची जबाबदारी कोणीही घेणार नाही.

तेव्हा उपाय निविदेतच हवा. समन्वयाचे काम ही स्वतंत्र बाब मानून तिचा मोबदला द्यावा. टकरींचा निर्णय देणारी व्यक्ती करारात नमूद करावी. ज्या मजल्याच्या महत्त्वाच्या टकरी मिटल्या नाहीत, त्या मजल्याचे काँक्रीट ओतू नये. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनी विशिष्ट कामांत गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. तिचा उपयोग समन्वयाची क्षमता जोखण्यासाठी का करू नये?

हा खर्च लहान कामांना पेलणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ग्रामपंचायतीच्या सभागृहाला या खटाटोपाची गरज नाही. पण जेथे प्राणवायू, वीज, पाणी आणि हवा यांची दाटी एकाच छतात होते, त्या सरकारी रुग्णालयांपासून आरंभ करण्यास काय हरकत आहे? तेथील विलंबाची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाही; खाटेची वाट पाहणारा रुग्ण ती भरतो. नळांची टक्कर संगणक दाखवील. हितसंबंधांची टक्कर मात्र आपणच करारपत्रात मिटविली पाहिजे.