कुंडीतला जुनिपर : पहिली दोन वर्षे

लग्नात, ईदला किंवा नव्या घराच्या दावतीला बोनसायची कुंडी भेट देण्याची पद्धत अलीकडे आपल्याकडेही दिसू लागली आहे. त्यात पुष्कळदा जुनिपर असतो. बारीक खवल्यांसारख्या पानांचा, बारमाही हिरवा. आणि पुष्कळदा तो दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवला जातो. तिथेच तो मरतो. मेला हे मात्र लवकर कळत नाही, कारण मुळे गेल्यावरही त्याची पाने काही आठवडे हिरवी दिसतात आणि घरची मंडळी पाणी घालत राहतात.

हे उघड्यावरचे झाड आहे. बाल्कनी, गच्ची, अंगण, कुठेही चालेल. पण रोज चार-पाच तास ऊन हवे. पाहुण्यांसाठी संध्याकाळपुरते आत आणावे, बस्स. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हिरव्या जाळीची सावली द्यावी. कोकणात भीती उन्हाची नाही, पावसाची. तिथे कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही.

घरातल्या दादी-नानी विचारतात, ‘अल्लाहच्या मखलूकला असे बुटके करून का छळता?’ प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नये. पण बोनसाय उपाशी ठेवून होत नाही. उपाशी झाड मरते. उंची आवरते ती छाटणीने आणि मर्यादित जागेत वाढणाऱ्या मुळांमुळे. ऊन, पाणी, खत पुरेपूरच द्यावे लागते. जमिनीतले झाड खोल मुळे धाडून आपले पाणी शोधते. कुंडीतले आपल्या हाताकडे बघत असते. ती अमानत सांभाळायची तयारी नसेल तर हे रोप घेऊच नये, असे आमचे मत आहे.

रोप नवे असताना उथळ, देखण्या कुंडीची घाई करू नका. खोड जाड व्हायला मोकळी वाढ लागते, म्हणून पहिली दोन वर्षे साधी, जरा मोठी कुंडी बरी. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत. सगळे चाळून धूळ काढलेले. कुंडी बदलताना मुळे धुऊन उघडी करू नका, जुनी माती निम्मी तरी राहू द्या. आणि त्या हंगामात मोठी छाटणी नाही.

छाटणीत खरी गफलत होते. गुलाब किंवा जास्वंद बुडापर्यंत छाटली तरी फुटते. जुनिपरच्या जुन्या, पाने नसलेल्या फांदीला सहसा पुन्हा फूट येत नाही. म्हणून जी फांदी हवी तिच्यावर थोडा हिरवा भाग राहिलाच पाहिजे. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नये. सगळे शेंडे चिमटून गोल गोंडा करण्याचा मोहही टाळावा. लांब सुटलेले कोंब तेवढे कात्रीने घ्यावेत. फार कापले तर हेच झाड रागावल्यासारखी टोचरी, सुईसारखी पाने काढते.

तार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गुंडाळावी. ॲल्युमिनियमची, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, तिरक्या वेढ्यांनी. दर पंधरवड्याला बघा. सालीत रुतू लागली की काढा. उलगडू नका, पक्कडीने तुकडे करून काढा, नाहीतर फांदी मोडते.

उन्हाळ्यात पाला धुरकट, फिकट दिसला तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर बारीक ठिपके चालू लागले तर ती कोळी कीड आहे. आठवडाभर रोज सकाळी पानांच्या खालून जोराने पाण्याचा फवारा द्यावा.

पाण्याला घड्याळ नाही. फज्रनंतर बोटाचे एक पेर मातीत घालावे. कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी, ओले लागले तर नाही. उमराहला किंवा सुट्टीत गावी जाताना किल्ली शेजाऱ्यांकडे देतो, तसे हे पेर मोजणेही त्यांना एकदा करून दाखवा. ‘रोज एक ग्लास घाला’ एवढेच सांगून जाऊ नका.