उजेडावर भरणारी बॅटरी : वाट पाहावी काय?

शिवारफेरीच्या वेळी जळकोट तालुक्यातील एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, नुसती उन्हात ठेवली की भरणारी मिठाची बॅटरी निघालीय म्हणं. मग सोलर पंपासाठी आत्ताच पैसे भरावेत, का ती येईस्तोवर थांबावं?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाचा रब्बी हंगाम अवलंबून असतो. म्हणून त्याचा विचार येथे करणे मला अगत्याचे वाटते.

सौर पॅनेल वीज निर्माण करते, पण साठवीत नाही; बॅटरी वीज साठविते, पण निर्माण करीत नाही. ही दोन्ही कामे एकाच घटाकडून करून घ्यावीत, ही कल्पना नवी नव्हे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असा घट १९७६ साली करून दाखविला होता. आता त्या कल्पनेला सोडियमची जोड दिली जात आहे. घटाच्या एका ध्रुवात प्रकाश शोषणारा पदार्थ असतो. त्यावर ऊन पडले की विद्युत्कण मोकळे होतात आणि सोडियमचे भारित कण एका ध्रुवातून निघून दुसऱ्यात जाऊन बसतात. पुढे दिवा जोडला म्हणजे ते माघारी फिरतात व वीज मिळते.

सोडियम हे साध्या मिठातील मूलद्रव्य. ते विपुल आहे. लिथियमसाठी मात्र आपल्याला परदेशाकडे पाहावे लागते. सोडियमची बॅटरी तेवढ्याच विजेसाठी अधिक जड होते. पण मळ्यातील खोलीत एका जागी राहणाऱ्या बॅटरीला वजनाची अडचण ती कसली? पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथील आयसर संस्थेच्या साह्याने विकसित केलेले सोडियम बॅटरीचे तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. परंतु ती बॅटरी तारेने भरावयाची आहे, उन्हाने नव्हे. हा भेद गावागावांत समजावून सांगितला पाहिजे. कारण ह्याच गैरसमजातून शेतकरी फसतो.

माझे मत स्पष्ट आहे : उजेडावर भरणाऱ्या बॅटरीसाठी कोणीही थांबू नये. ती अद्याप प्रयोगशाळेत आहे. बाजारातील चांगले पॅनेल पडलेल्या उन्हापैकी शेकडा वीस भाग विजेत रूपांतरित करते. एकाच ध्रुवाने दोन्ही कामे करणाऱ्या घटांना बहुधा शेकडा एक-दोन भागही साधत नाहीत. दुसरी अडचण आपल्या हवामानाची आहे. वैशाखात येथे पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हातील पॅनेल साठ अंशांच्याही पुढे तापते. बॅटरीला उजेड हवा असला तरी उष्णता मानवत नाही. तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. आज आपण पॅनेल उन्हात व बॅटरी सावलीत ठेवू शकतो. दोन्ही एकजीव झाल्यावर ही सोय राहणार नाही, आणि एक भाग बिघडला तर दुसराही टाकावा लागेल. म्हणून ह्या संशोधनाची खरी परीक्षा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात व्हावी, अशी मागणी आपण आजच केली पाहिजे.

तोवर साठवण कशात करावी? थोडा हिशेब पाहू. तीन अश्वशक्तीचा पंप पाच तास चालविण्यास किमान अकरा युनिट वीज लागते. बारा व्होल्ट, शंभर ॲम्पिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीतून, ती टिकवायची असेल तर, सुमारे अर्धा-पाऊण युनिटच काढता येते. म्हणजे पंपासाठी अशा पंधरा-वीस बॅटऱ्या लागतील! उलट दिवसा एका युनिटात तीस मीटर खोलीवरून सुमारे पाच हजार लिटर पाणी वर येते. ते हौदात वा शेततळ्यात साठविले की तीच आपली बॅटरी. २०२४ पासून राबविल्या जाणाऱ्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के आहे. दिवसा पाणी मिळाले तर रात्री विंचू-सापांच्या भयात दारे धरण्याची पाळी येणार नाही. ह्या लाभासाठी उद्याच्या शोधाची वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे.

जे काम पाणी करू शकत नाही, त्यासाठी मात्र बॅटरी हवीच. नऊ वॉटचा दिवा दहा तास लावण्यास युनिटाचा दहावा हिस्साही लागत नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरीही साधारण तेवढीच वीज साठविते. ह्या लहान कामांत सोडियमची बॅटरी प्रथम उपयोगी पडेल, असे मला वाटते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, कोणी नवी बॅटरी दाखवावयास आला तर त्याला चार प्रश्न विचारावेत : ती उन्हाने भरते की तारेने? किती युनिट साठविते? किती वेळा भरता येते? पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तिची हमी कोण लेखी देतो? उत्तरे कागदावर मिळाल्याखेरीज शेतकऱ्याचा एक रुपयाही पुढे जाऊ देऊ नये.

त्या शेतकऱ्याला मी इतकेच सांगितले : "विज्ञानावर विश्वास ठेवा, पण अर्ज मात्र आजच भरा."