कचरा जातो कुठे?

आपण ‘कचरा टाकला’ असे सहज म्हणतो. कुठे टाकला, हे मात्र कुणी विचारत नाही. सकाळी घंटागाडी येते, बादली रिकामी होते, गाडी वळणावर दिसेनाशी होते आणि आपल्यापुरता विषय संपतो. पण कचरा नाहीसा होत नसतो. तो आपल्या दारातून उठून दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊन बसतो.

ही दारे कुणाची, हे अधूनमधून उघड होते. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो धूर दिसला. एप्रिल २०१७ मध्ये उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोला आग लागली, तेव्हा ग्रामस्थांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नारेगावच्या लोकांनी हेच केले आणि शहरात जागोजागी ढीग साचले. शहरवासीयांना ती काही दिवसांची गैरसोय वाटली. गावकरी तेच वर्षानुवर्षे सोसत होते. ज्याचे जळते त्यालाच कळते!

हे ढीग पेटतात कशामुळे? आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओल्या कचऱ्याचा असतो: भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेसुरले अन्न. हाच माल ढिगाखाली दबला आणि हवा मिळाली नाही, की सडून त्यातून मिथेन वायू निघतो. हा वायू पेट घेतो. झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरून विहिरींपर्यंत पोचते. शिवाय उरलेला वरणभात सांडून रद्दी आणि प्लॅस्टिक बरबटले, की त्यांचीही किंमत जाते. म्हणजे ज्याचे उत्तम खत झाले असते, तेच एकत्र कोंबल्यामुळे विष होते.

यावर सरकारने काही केले नाही, असे नाही. २००० मध्ये घनकचऱ्याचे नियम आले, २०१६ मध्ये ते अधिक कडक झाले आणि घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक ठरले. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मागणारे हात थांबलेले नाहीत. कायदा दारापर्यंत येतो. ओट्यापाशी त्याचे काही चालत नाही.

वर्गीकरणाचा विषय काढला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो: ‘आम्ही वेगळे करून काय उपयोग? गाडीत सगळे एकच होते.’ हा आक्षेप अनेक ठिकाणी खरा आहे, आणि त्याचा जाब नगरसेवकाला विचारलाच पाहिजे. पण मला वाटते, याच आक्षेपात उत्तरही दडलेले आहे. जो ओला कचरा घराबाहेर गेलाच नाही, तो गाडीत कोण मिसळणार? छिद्रे पाडलेली बादली किंवा मातीची कुंडी, तळाशी वाळलेली पाने, त्यावर रोजचा ओला कचरा, पुन्हा पाने. थोडे आंबट ताक शिंपडले की काम लवकर होते. वास आला तर ओल जास्त झाली असे समजावे आणि कोरडी पाने वाढवावीत. दोन-अडीच महिन्यांत काळेभोर खत तयार होते. गॅलरीच्या एका कोपऱ्यात हे सारे मावते. ज्यांना तेवढीही जागा नाही, त्यांनी सोसायटीच्या आवारात खड्डा मागावा.

मग उरतो सुका कचरा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. दारोदार फिरणाऱ्या या कष्टकऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. आपण काय कशात मिसळतो, ते त्यांना हातांनी निवडावे लागते. दुधाची पिशवी धुऊन वाळवली आणि कापताना तिचा कोपरा सुटू दिला नाही, तर ती विकली जाते. वेफरच्या चकचकीत पाकिटाला मात्र भंगारात कुणी विचारत नाही. ते विकत न घेणे हाच उपाय. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यावे. फुटलेली काच तर उघडी देऊच नये. ही साधी माणुसकी आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घरातला कचरा हे ‘बायकांचे काम’ मानले, तर हा नवा भारही गृहिणीच्याच डोक्यावर पडेल आणि पंधरा दिवसांत बादली अडगळीत जाईल. बाजाराची कापडी पिशवी बाबांनी सांभाळावी, कोरडी पाने मुलांनी आणावीत, खत ढवळण्याची पाळी लावावी.

आज रविवार आहे, घरात सगळे आहेत. एक आठवडा फक्त ओला कचरा बाजूला ठेवून पाहा. शनिवारी बादलीत उरलेला कचरा किती हलका झाला, ते तुमचे तुम्हालाच दिसेल. तेवढेच ओझे कुठल्यातरी गावच्या शिवारावरून उतरलेले असेल.