मोसम सरल्यावरचा शिक्रा

शिक्रा म्हणजे कोंबडीचोर, असं आमच्या गावात अजून म्हणतात. शहरातले म्हणतात, शिक्रा पाळणारे क्रूर. दोघांनीही शिक्रा नीट पाहिलेला नसतो. मी पाहिला, तो शेजारच्या चाचांमुळे. आणि तोही शिकारीच्या मोसमात नव्हे, मोसम सरल्यावर.

चाचांचे वडील निजामी अमलात एका जहागीरदाराकडे पक्षी सांभाळायला होते. जहागिरी गेली, विद्या घरात राहिली. दिवाळीनंतर चाचा शिक्र्याची मादी धरायचे; ती नरापेक्षा मोठी असते. तिला हातावर घेऊन गावभर हिंडायचे, माणसांची, कुत्र्यांची, बैलगाडीची भीती मोडायचे. मग ज्वारीच्या रानात लाव्हे उठले की मुठीत धरलेली शिक्री भाल्यासारखी फेकायचे. आणि होळी झाली की तिच्या पायातली वादी कापून तिला सोडून द्यायचे.

मला ते वेडेपणाचं वाटायचं. एवढा शिकवलेला पक्षी सोडायचा? चाचा म्हणायचे, "बेटा, आता तिला घर मांडायचंय. आपलं काम झालं."

पण त्यांचं काम काही संपायचं नाही. एका वर्षी सोडलेल्या मादीने आमच्या विहिरीवरच्या लिंबावर घरटं केलं. तिचं डाव्या पायाचं एक नख तुटलेलं होतं, त्यावरून चाचांनी ओळखली. रोज दुपारी ते त्या झाडाखाली जाऊन बसायचे. हातात ना जाळं, ना दोरी. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी. वर कोतवाल शिक्र्यासारखा ओरडला की मी फसायचो, चाचा हसायचे. शिकारीत मला फक्त तिची झेप दिसली होती. पिल्लाला घास कसा भरवते, उन्हात त्यावर पंख धरून कशी बसते, हे त्या उन्हाळ्यात दिसलं.

त्याच दिवसांत पाटलीणबाई भांडायला आल्या. त्यांची कोंबडीची पिल्लं गेली होती. चाचांनी वाद घातला नाही. त्यांना लिंबाखाली नेलं आणि पडलेलं खरकटं दाखवलं : सरड्यांची शेपटं, उंदरांची कातडी, टोळांचे पाय, खारीच्या शेपटीचा झुबका. त्यात कोंबडीच्या पिल्लाचे दोन पाय होते. तेही लपवले नाहीत. म्हणाले, "भाभी, चोरी केली, खरं आहे. पण राखणही बघा की. पिल्लं डालग्याखाली ठेवा, उंदीर कुठल्या डालग्याखाली ठेवणार?" बाई काही बोलल्या नाहीत. गलोल मारणाऱ्या नातवाला मात्र त्यांनी घरी नेऊन बदडलं.

मग १९७२ साल आलं. आमच्याकडे ते दुष्काळाचं साल. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. पुढे चाचांनी शिक्रा धरला नाही. कायदा चुकीचा होता असं मी म्हणत नाही. रानातला पक्षी धरायची परवानगी मला नकोच आहे. माझा राग वेगळा आहे. आपण धरणाऱ्याचे हात बांधले आणि विष मोकळं सोडलं.

त्याच १९७२ साली अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली. त्या विषाने बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन अंडी आईच्याच अंगाखाली फुटत होती. तिथे बहिरी परत आणायला पुढे झाले ते टॉम केड, प्राध्यापक आणि स्वतः ससाणे पाळणारे. धरणाऱ्यांची विद्या त्यांनी वाचवायला लावली. आपण चाचांना कधी काही विचारलं का? ते गेले, विद्या मातीत गेली.

अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं आणि ते टोळ खाऊन हजारो बाज शेतात मरून पडले. 'मोनो' म्हटलं की आमच्या कापूसवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना माणसं दगावली. जे औषध माणसाला सोडत नाही, ते शिक्र्याला सोडेल?

आणि मी कोण मोठा शहाणा? काही वर्षांपूर्वी भुईमुगात उंदीर झाले म्हणून मी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकल्या. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही; रक्त गोठायचं थांबतं आणि तो दोन-चार दिवस उघड्यावर झिंगत फिरतो. असा उंदीर आयताच सापडतो. पाचव्या दिवशी बांधावर कापशी मेलेली दिसली. रोज तारेवर बसून माझ्याच शेतावर नजर ठेवणारी. बिनपगारी राखणदार मी माझ्या हाताने मारला. चाचा असते तर काय म्हणाले असते, हा विचार अजून जात नाही.

म्हणून सांगतो. हरभऱ्यात अळीसाठी पक्षिथांबे लावता, तसे उंदरांसाठीही ठेवा, जरा उंच. विष टाकायचंच झालं तर बिळात टाका, उघड्यावर नको, आणि मेलेला उंदीर शोधून पुरा. विहिरीवरचा लिंब सरपणाला विकू नका. शहरातून कॅमेरे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनीही घरट्याला गराडा घालू नये. चाचांसारखं लांब सावलीत बसावं, आणि पिल्लाला घास मिळाला की उठून यावं.

आमचा लिंब अजून उभा आहे. गेल्या चार उन्हाळ्यांत त्यावर घरटं झालेलं नाही.