दातांचा दोष नाही, चण्यांच्या वाटपाचा आहे

दात होते तेव्हा चणे नव्हते आणि चणे आले तेव्हा दात गेले, असे म्हणून आपण सुस्कारा सोडतो आणि विषय मिटवतो. तरुणपणी बळ असते पण पैसा नसतो, पुढे पैसा येतो तर वेळ नसतो, आणि वेळ मिळतो तेव्हा गुडघे बोलू लागतात. वर्णन खरे आहे, निदान चुकीचे. दात पाडतो निसर्ग. चणे उशिरा येतात ते माणसांच्या वाटपामुळे. आधी सगळे शिक्षण, मग सगळी कमाई, शेवटी सगळी सवड, ही मांडणी सटवीने कपाळावर लिहिलेली नाही. बिस्मार्कच्या जर्मनीत 1889 साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा अट 70 वर्षांची होती. 1916 साली ती 65 वर आली. आपल्या राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात. यातला कुठला आकडा शरीराने ठरवला?

एसटीचेच पाहा. 2022 पासून 75 पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे. विद्यार्थ्याचा सवलतीचा पास मात्र घर ते शाळा-कॉलेज एवढाच. दांडा घट्ट धरून, कंडक्टरच्या हाताच्या आधाराने जो ती उंच पायरी चढतो, त्याला सारा महाराष्ट्र मोकळा; स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला रोजचा तोच रस्ता. आजोबांची सवलत काढा, असे कुणी यातून वाचू नये. आक्षेप येईल की पोरांना आयते दिले तर ती उधळतील. उधळतीलही थोडी, पण न फिरता शहाणपण येते कुठून?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: काही देणग्या वयानेच येतात. येतात, पण आधी पेरलेल्यालाच. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’चा पहिला खंड 1930 साली निघाला तेव्हा ते पन्नाशीत होते, अखेरचा 1962 साली, वयाच्या 82 व्या वर्षी. पण हा व्यासंग त्यांनी निवृत्तीसाठी राखून ठेवला नव्हता, वकिली सांभाळून चालवला होता. असा माणूस विरळा, हे कबूल. म्हणूनच सवड व्यवस्थेने द्यायला हवी. केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला मूल 18 वर्षांचे होईपर्यंत 730 दिवसांची संगोपन रजा मिळते, म्हणजे सवड अलीकडे आणता येते. एसटीकडे ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार आणि सात दिवसांचा पास आहेच. बारावी झालेल्या प्रत्येकाला तो एकदा निम्म्या दरात द्यावा. सुरुवात तिथून होऊ शकते.